वारंगा फाट्यावरून सातासमुद्रापार : विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

नांदेडहून अर्धापूर मागे टाकले की वारंगा फाटा येतो. येथे रस्ते फुटतात. एक रस्ता कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो. दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरला पोहोचतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की निळे झेंडे लावलेल्या किती तरी गाड्या याच फाट्यावरून दीक्षाभूमीकडे वळतात. उपासक-उपासिका घटकाभर थांबतात, फाट्यावरची गरम खिचडी खातात आणि पुढे निघतात. या फाट्याच्या आसपासच्या गावांत आणि वस्त्यांत आपला समाज आहे. कोणी हळदीच्या, केळीच्या शेतात मजुरी करतो, कोणी हॉटेलात राबतो, कोणी ट्रकवर आहे, कोणी ऊसतोडीला जातो. आणि याच घरांतून आता बी.एस्सी. झालेली मुले-मुली निघू लागली आहेत.

त्यांच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न असतो, पण तो ते घरात बोलून दाखवत नाहीत. परदेशात जाऊन विज्ञानात एम.एस्सी. करता येईल का? आई-वडिलांना वाटते, हे आपले काम नव्हे, ते साहेबांच्या मुलांचे काम. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

वेधशाळा आपल्या जिल्ह्यात, माणसे कोठली?

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. मागासलेला जिल्हा अशीच त्याची ओळख. पण याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे जगातील अत्यंत नाजूक मोजमाप करणारी वेधशाळा उभी राहत आहे. तिचे नाव लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ साली तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली.

या वेधशाळेत काटकोनात दोन लांब नळ्या असतात, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. त्यांतून लेसरचा प्रकाश सोडतात. आकाशात दूर कोठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर अवकाशालाच सूक्ष्म हेलकावा बसतो. तो हेलकावा या नळ्यांच्या लांबीत अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी लहान असा फरक पाडतो आणि यंत्र तो टिपते. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. त्या कामासाठी २०१७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले.

आता विचार करा. एवढे मोठे काम आपल्या जिल्ह्यात होणार. तेथे लेसर जाणणारे, निर्वात नळ्या सांभाळणारे, आरसे तपासणारे, संगणकावर आकडे चाळणारे लोक लागतील. ते सगळे बाहेरूनच येणार काय? आपल्या मुलांनी फक्त फाटकावर पहारा करायचा, कँटीनमध्ये चहा द्यायचा काय? पहाऱ्याचे काम हलके नाही, चहा देण्यातही कमीपणा नाही. पण आपली मुले आतल्या खोलीतही असली पाहिजेत. गुरुत्वीय लहरींचा अभ्यास ग्लासगो, कार्डिफ, हॅनोव्हर अशा ठिकाणी फार वर्षे चालू आहे. तेथे शिकून आलेला हिंगोलीचा मुलगा किंवा मुलगी दुधाळ्यात काम करते आहे, हे स्वप्न आज हवेतले राहिलेले नाही.

बाबासाहेबांचीही एम.एस्सी.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, मुक्तिदाते म्हणतो. ते परदेशात शिकणारे विद्यार्थी होते, हे मात्र आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकून टाकतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यातूनच घरी पाठवायचे, त्यातूनच पुस्तके घ्यायची. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येताना वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान आणि पुस्तके बोट बुडाल्याने समुद्रात गेली.

पुढे काय झाले ते आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावे. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाकडून आधीच परवानगी घेतली होती की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करीन. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली. पगारातून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली त्यांना एम.एस्सी. मिळाली, १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या अर्थशास्त्रातल्या होत्या, पण लंडन विद्यापीठ त्या विषयाला शास्त्राची पदवी देत असे. लंडनमधल्या त्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन ते राहिले, आणि इकडे मुंबईत रमाईने तुटपुंज्या पैशांत संसार ओढला.

यातून एक गोष्ट आपण घेतली पाहिजे. शिष्यवृत्ती मधेच थांबते, पैसा संपतो, परत यावे लागते. म्हणून शिक्षण संपत नाही. कागदपत्रांची दोरी हातात ठेवून, परतीची परवानगी लेखी घेऊन, पुन्हा जाता येते.

आणखी एक गोष्ट आहे. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारपुढे अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. त्यात मागणी होती की, विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी विद्यापीठांसाठी वर्षाला एक लाख रुपये द्यावेत. वकिली आणि कला शाखेचे शिक्षण पुरेसे नाही, विज्ञानात आपली माणसे हवीत, हे त्यांना तेव्हाच दिसले होते. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढताना त्यांनी कलेबरोबर विज्ञान शाखाही ठेवली. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील मुलांसाठी हा केवढा आधार होता! विज्ञानाची ती वाट आपण पुढे चालवतो आहोत का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

पैसा कोठून येतो?

घरात पहिला प्रश्न हाच निघतो, आणि तो बरोबरच आहे.

पहिला मार्ग महाराष्ट्र शासनाचा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २००३ साली सुरू झाली. वर्षाला ७५ जागा आहेत. अर्ज समाज कल्याण आयुक्तालय, ३ चर्च पथ, पुणे येथून चालतो. शिकवणी फी, राहण्याखाण्याचा भत्ता, विमानाचे भाडे यांचा त्यात समावेश असतो.

दुसरा मार्ग केंद्र शासनाचा. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. ही फार जुनी, १९५४-५५ पासूनची. अलीकडे वर्षाला १२५ जागा असतात, त्यांतील ११५ अनुसूचित जातींना. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, पदवीला किमान ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, आणि विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये, अशा अटी असतात. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी वर्षाला १५,४०० डॉलर मिळतात, इंग्लंडला गेल्यास ९,९०० पौंड. दोन्ही योजनांत ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. हे आपल्या लेकींच्या कानावर मुद्दाम घाला.

पण डोळे मिटून विसंबू नका. २०२४ साली राज्याच्या योजनेत गुण, उत्पन्न आणि फीची मर्यादा यांवरून मोठा वाद झाला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने १०६ विद्यार्थी निवडले आणि सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे दिली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर, असे कळवले. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. शेजाऱ्याने सांगितलेली, दोन वर्षांपूर्वीची अट धरून बसू नका.

तिसरा मार्ग परदेशी शिष्यवृत्त्यांचा. युरोपात इरॅस्मस मुंडस नावाच्या संयुक्त पदव्या आहेत. दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिकायचे. निवड झाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो. त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही, गुण आणि अर्जाची तयारी लागते. इंग्लंडमध्ये चेव्हनिंग आहे, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा.

चौथा मार्ग जर्मनीचा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग या प्रांतात मात्र परदेशी विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो द्यावे लागतात. विज्ञानातील बरेच एम.एस्सी. अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात. मात्र व्हिसाआधी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो धरली गेली. दर महिन्याला त्यातून ठराविक पैसे हातात येतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रे ए.पी.एस. कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात. त्याला वेळ लागतो.

कर्ज हा शेवटचा मार्ग. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागते, त्यावर तारण लागते. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्जही आहे, ते आपल्याकडे महात्मा फुले महामंडळामार्फत चालते. सावकाराकडे मात्र जाऊ नका. दोन एकर जमीन गहाण टाकून मुलगा पाठवला आणि पहिल्याच सहामाहीला हप्ता थकला, तर त्या मुलाचे लक्ष अभ्यासात कसे राहील? ‘पढो परदेश’ या नावाची बौद्धांसह अल्पसंख्याकांना व्याज सवलत देणारी योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिचे नाव सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दाखल्याची गाठ

येथे आपली बरीच मुले अडकतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी फक्त हिंदूंपुरती होती. १९५६ साली शीख आले. बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. त्याआधी महाराष्ट्राने नवबौद्धांना आपल्या पातळीवर सवलती दिल्या होत्या. म्हणून आजही राज्याचा नवबौद्धाचा दाखला वेगळा असतो आणि केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला वेगळा. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असेल, तर केंद्राच्या अर्जात अडचण येते. तेथे मूळ जातीचा उल्लेख लागतो. बौद्ध म्हणून ताठ मानेने जगायचे आणि कागदावर मूळ जात लिहायची, हे मनाला टोचते. पण तो आपला हक्क मिळवण्याचा कागद आहे, धम्म सोडण्याचा नव्हे. दोन्ही दाखले वेळेत काढून ठेवावेत.

जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत असतात. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गावचे जुने दप्तर आतापासून शोधा. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असतानाच हे काम हाती घ्या.

वेळेचे गणित

ज्या सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे, त्याच्या दीड वर्ष आधी तयारी सुरू करावी.

पहिले सहा महिने : पासपोर्ट काढा. नाव, आडनाव, जन्मतारीख दहावीच्या सनदेशी अक्षरशः जुळली पाहिजे. इंग्रजीची परीक्षा द्या. तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात. मराठी माध्यमातल्या मुलाला बोलण्याची धास्ती वाटते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचले आणि मित्राशी इंग्रजीत बोलले तर ती जाते.

पुढचे सहा महिने : विद्यापीठे निवडा आणि अर्ज करा. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर अमेरिकेतील काही विद्यापीठे एकूण सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची पदवी सहसा चालते आणि एम.एस्सी. एका वर्षात होते. जर्मनीत ती दोन वर्षांची असते. गुणपत्रकांच्या विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या प्रती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून आधीच घ्या. दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. ती शेवटच्या आठवड्यात मागू नका.

अर्जासोबत आपण हा विषय का निवडला, हे दोन पानांत लिहायचे असते. ते स्वतः लिहा. विकत घेऊ नका. आई हळद शिजवायला जाते, बाप ट्रकवर आहे, हे लिहायला लाजू नका. पण तेवढ्यावरच थांबू नका. हळदीतला पिवळा पदार्थ कोणता, तो कसा वेगळा करतात, आपण प्रयोगशाळेत काय केले, कोठे अडलो, पुढे काय शोधायचे आहे, हे लिहा. वाचणाऱ्याला तुमच्या गरिबीबरोबर तुमची बुद्धीही दिसली पाहिजे.

शेवटचे सहा महिने : शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाखत, व्हिसा. खरी अडचण येथेच येते. विद्यापीठ जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागते आणि शिष्यवृत्तीचा निकाल लागलेला नसतो. अशा वेळी विद्यापीठाला पत्र लिहा की, सरकारी शिष्यवृत्तीचा निकाल बाकी आहे, मुदत वाढवून द्यावी किंवा प्रवेश पुढच्या वर्षी न्यावा. बरीच विद्यापीठे ऐकतात. मात्र पत्र मुदत संपण्याआधी गेले पाहिजे.

दलालांपासून सावध

शहरात जागोजागी परदेश शिक्षणाची दुकाने लागली आहेत. सगळी वाईट नाहीत. पण अनेकांना विद्यापीठाकडून विद्यार्थ्यामागे पैसे मिळतात. म्हणून ते तुम्हाला जेथे दलाली जास्त तेथे पाठवतात. ते विद्यापीठ क्रमवारीत बसत नसेल तर तुमची सरकारी शिष्यवृत्ती त्याच क्षणी हातची जाते, आणि ते तुम्हाला नंतर कळते. आपल्या बहुजन समाजातून गेलेल्या मुलांना विचारा. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले आणि त्यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनतर्फे पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्जासाठी मार्गदर्शन मिळते. नांदेडच्या वस्तीत वाढलेले डॉ. सूरज येंगडे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेपर्यंत पोहोचले. नांदेड आपल्या फाट्यापासून किती दूर आहे?

आई-वडिलांशी दोन शब्द

मुलगी एम.एस्सी.ला परदेशात गेली तर लग्नाचे काय, असे विचारणारे नातेवाईक भेटतील. त्यांना सांगा, इंग्लंडची एम.एस्सी. एका वर्षाची आहे. एका वर्षाने लग्नाचे वय निघून जात नाही, पण या वर्षाने तिचे सारे आयुष्य बदलू शकते. तिला एकटीला कसे पाठवायचे, हा प्रश्न मुलाच्या वेळी आपण विचारत नाही.

मुलगा असो वा मुलगी, जाण्याआधी स्वयंपाक शिकवा. तिकडे बाहेर खाणे परवडत नाही. फाट्यावरच्या खिचडीसारखी खिचडी ज्याला शिजवता येते, तो उपाशी राहत नाही. थंडी, एकटेपणा, भाषा यांनी पहिले दोन-तीन महिने जड जातात. त्या दिवसांत रोज रडका फोन करून त्याचे मन मोडू नका. पैसे पाठव म्हणून तगादा लावू नका. शिकता शिकता काम करायला मर्यादा असते, इंग्लंडमध्ये वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तास. त्यापेक्षा जास्त काम केले तर व्हिसा जातो.

जात तिकडे नाही, असे समजू नका. ती आपल्याच देशबांधवांबरोबर विमानात बसून जाते. म्हणूनच अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि सिएटल शहराने २०२३ साली जातीय भेदभावाला बंदी केली. कोणी आडनाव विचारून तोंड फिरवले तर गप्प बसू नये, विद्यापीठात लेखी तक्रार करावी.

आणि हेही खरे आहे की प्रत्येकाने परदेशात गेलेच पाहिजे असे नाही. पुण्याच्या आयसरमध्ये, आयआयटीमध्ये एम.एस्सी. करून देशातच संशोधन करणारी मुले तितकीच मोलाची आहेत. अर्ज नाकारला गेला तर मुलगा नापास झाला असे घरात म्हणू नका. बाबासाहेबांनाही लंडनला दुसऱ्यांदा जावे लागले होते.

विहारात काय करता येईल?

एकट्या घराला हे सगळे जड आहे, वस्तीला नाही. आपण जयंतीला वर्गणी काढतो, डी.जे. लावतो. त्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून इंग्रजी परीक्षेची फी, पासपोर्टचा खर्च, प्रमाणपत्रांच्या टपालाचा खर्च एका मुलासाठी भरता येईल. रविवारी वंदना झाल्यावर तासभर विहारात वस्तीतील पदवीधर मुलांनी बसावे, या वर्षीच्या जाहिराती मोठ्याने वाचाव्यात, कोणाचा कोणता दाखला राहिला आहे त्याची वहीत नोंद करावी. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले आपले समाजबांधव असतील त्यांनी जामीनदार म्हणून, साक्षीदार म्हणून पुढे यावे. जो परदेशात शिकून येईल त्याने पुढच्या दोघांचे अर्ज तपासून द्यावेत, हा त्याचा समाजाला परतावा.

दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या फाट्यावरून दरवर्षी जातात, पुढेही जातील. आता दर सप्टेंबरात एक तरी मुलगी याच फाट्यावरून बॅग घेऊन मुंबईच्या विमानासाठी निघावी, एवढे काम आपल्या वस्त्यांनी अंगावर घ्यावे. या वर्षी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची नावे येत्या रविवारीच विहारात लिहून काढा. जय भीम!